मागच्या खोलीत वाय-फाय येत नाही: चिऱ्याच्या घरासाठी आणि फ्लॅटसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फायबरची वायर रस्त्यावरच्या खांबावरून येते, ओटीवर शिरते आणि वाय-फायचा डबा, म्हणजे राउटर, तिथेच पहिल्या भिंतीला ठोकला जातो. जोडणीला आलेल्या मुलाला दिवसभरात आणखी चार घरं उरकायची असतात. मग ओटीवर वाय-फाय भरपूर आणि माजघरापलीकडे ठणठणाट, अशी घराची वाटणी होऊन बसते. नेमकी त्याच मागच्या खोलीत दहावीची मुलगी अभ्यासाला बसते, गावी येऊन काम करणारा मुलगा मीटिंग लावतो, आणि अंथरुणावरच्या आजीला मुंबईतली नातवंडं फोनवर बघायची असतात. खालची उत्तरं कोकणातली चिऱ्याची घरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, पण पुण्या-डोंबिवलीच्या फ्लॅटलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

ओटीवर सगळ्या दांड्या दिसतात आणि माजघरात एकच. असं का होतं?

भिंतींमुळे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नलची ताकद एक चतुर्थांश उरते. घराच्या मापात हे नुकसान फार नाही. जाड भिंत मात्र एका फटक्यात त्याहून जास्त खाते. चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो, पाणी धरतो, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. म्हणून गिलावा नसलेल्या चिऱ्याच्या घरात मे महिन्यात कसाबसा चालणारा व्हिडिओ कॉल जुलैत तुटू लागला, तर नवल नाही.

भिंत तिरकी ओलांडावी लागते, हे कुणी फारसं लक्षात घेत नाही. राउटर खोलीच्या एका कोपऱ्यात आणि फोन पलीकडच्या खोलीच्या विरुद्ध कोपऱ्यात असेल, तर नऊ इंची भिंतीतून लहरींना दीड फूटही जावं लागू शकतं. राउटर दोन-तीन हात सरकवून भिंतीच्या समोर आणला तरी फरक पडतो तो यामुळे.

फ्लॅटमध्ये अडसर वेगळे असतात. सिमेंट-काँक्रीटमधल्या सळ्या, बाथरूमच्या टाइल्स आणि पाइप, लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज. हॉल आणि बेडरूमच्या मध्ये बाथरूम असेल, तर त्या बेडरूमची तक्रार ठरलेली.

प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. २०० चा घेतला तर मागे पोहोचेल का?

नाही. प्लॅनमुळे डब्यापर्यंत येणारा वेग वाढतो, डब्यापासून पुढची पोच नाही. हे पैसे आतल्या खोलीपर्यंत केबल टाकायला लावा.

दोष लाइनचा आहे की घरातल्या वाय-फायचा, हे कसं ओळखायचं?

फोन राउटरजवळ धरून स्पीड टेस्ट करा. तिथेच वेग कमी असेल तर कंपनीकडे तक्रार करा, घरात काही विकत घेऊ नका. तिथे ठीक असेल तर माजघराच्या दारात, मग आत, मग त्या अडचणीच्या खोलीत जिथे माणूस खरोखर बसतो त्या जागी पुन्हा टेस्ट करा. दार उघडं ठेवून एकदा, लावून एकदा. आकडे कागदावर लिहा.

अँड्रॉइड फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर जातीचं एखादं मोफत अ‍ॅप घेतलं तर सिग्नल ‘डीबीएम’ या मापात दिसतो. आकडा उणे असतो, शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. व्हिडिओ कॉल विनाअडथळा चालायला उणे ६७ पर्यंत असावा. उणे ७५ च्या खाली रडतखडत चालतं, आणि उणे ८५ ला फोन जोडलेला दिसतो पण काही उघडत नाही. या मापात १० चा फरक म्हणजे ताकद दहापट कमी किंवा जास्त, त्यामुळे ६७ आणि ७७ हे आकडे शेजारी वाटले तरी शेजारी नाहीत. फोनवरच्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका. कुठल्या आकड्याला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन आपल्या मनाने ठरवतो.

एक पैसाही न घालता काय करता येईल?

बरंच काही, आणि तिथूनच सुरुवात करावी. राउटर टीव्हीच्या मागे, चपलांच्या कपाटात, मीटरच्या पेटीत किंवा फ्रिजच्या आडोशाला असेल तर आधी बाहेर काढा. पाच-सहा फूट उंचीवर, मोकळा ठेवा. ओटी, माजघर आणि मागची पडवी यांची दारं एका रेषेत असतील, तर राउटर त्या रेषेत आणा. बऱ्याच जुन्या घरांत ती तशी असतात. उघडं दार ही भिंतीतली सगळ्यात चांगली वाट आहे.

उभ्या अँटेनाचा सिग्नल मुख्यतः आडवा, चारी बाजूंना पसरतो. तिच्या टोकाच्या दिशेने सगळ्यात कमी जातो. खोली त्याच मजल्यावर असेल तर अँटेना उभ्या ठेवा. माडीवर न्यायचा असेल तर दोनपैकी एक आडवी करून बघा.

कौलारू घरांना एक सोय आहे, जी स्लॅबच्या घरांना नाही. आतल्या भिंती पुष्कळदा माळ्यापर्यंतच असतात आणि वर, कौलांखाली, सगळी जागा एकसंध मोकळी असते. लाकूड आणि मातीची कौलं या लहरींना फारसं अडवत नाहीत. राउटर माळ्याच्या मध्यावर चढवला तर सिग्नल भिंती टाळून वरून खालच्या खोल्यांत उतरतो. मात्र छताला पत्रे असतील तर कौलांखाली जमतं तसं काही गृहीत धरू नका; आणि दुपारचा उकाडा व उंदीर या दोन्हींचा बंदोबस्त करून मगच डबा वर न्या.

डबा आत सरकवायचा आहे. फायबर मीच ओढून घेऊ का?

नको. आतली काचेची तार केसासारखी बारीक असते. घट्ट दुमडली की तुटते किंवा प्रकाश गळतो, आणि ती जोडायला खास मशीन लागतं. उघड्या टोकात डोळा घालून बघू नका, त्यातला लेझरचा प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला अपाय करू शकतो. कंपनीला फोन करून डबा हलवून मागा. त्याचे काही पैसे घेतात, पण ते वाया जात नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे डबा ओटीवरच राहू द्यायचा आणि त्यातून साधी लॅन केबल आत न्यायची. तिच्याबद्दल पुढे सविस्तर आहेच.

२.४ आणि ५ गीगाहर्ट्झ यातलं मागच्या खोलीसाठी कुठलं?

राउटर या दोन रेडिओ पट्ट्यांवर सिग्नल देतो. भिंतीपलीकडे २.४. तिची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, ५ ची त्याच्या निम्म्याहून कमी. लांब लहर भिंतीतून जास्त तग धरून जाते. ५ ला वेग अधिक, पण तो त्याच खोलीत किंवा एका हलक्या भिंतीपलीकडे.

गावात २.४ मोकळी मिळते. शहरी इमारतीत तिच्यावर वीस-पंचवीस शेजारी बसलेले असतात. तिथे सेटिंगमध्ये जाऊन चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात कमी गर्दीचं निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. हे तीनच का? कारण तेवढेच एकमेकांवर चढत नाहीत. ३ किंवा ८ निवडलंत तर दोन्हीकडच्यांचा गोंगाट वाट्याला येतो. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो, म्हणून स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत अन्न गरम होईपर्यंत कॉल अडखळतो.

एक्स्टेंडर आणला, मागच्या खोलीत लावला, तरी नेट चालत नाही. खराब निघाला का?

बहुधा यंत्र चांगलं आहे, जागा चुकली आहे. ज्याला निरोप स्वतःलाच अर्धवट ऐकू आला, तो पुढच्याला पूर्ण कसा सांगणार? एक्स्टेंडर स्वतः सिग्नल तयार करत नाही. जो मिळतो तोच पुन्हा प्रसारित करतो. सिग्नल नसलेल्या खोलीत लावला तर फोनवर दांड्या सगळ्या दिसतात, पण त्या फोनपासून एक्स्टेंडरपर्यंतच्या असतात. त्याच्या मागे काही नसतं.

त्याला अध्येमध्ये लावा, म्हणजे मूळ राउटरचा सिग्नल उणे ६० ते ६५ च्या आसपास मिळतो अशा ठिकाणी. माजघराचं दार किंवा पॅसेजमधला प्लग ही नेहमीची जागा. यंत्रावरच्या दिव्याचा रंग अंतर बरोबर आहे की नाही ते सांगतो. कुठल्या रंगाचा काय अर्थ, ते पुस्तिकेत बघा.

दुसरी मर्यादा यंत्राच्या घडणीतच आहे. स्वस्त एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, एका वेळी एकच काम. त्यामुळे वेग निम्मा किंवा त्याहून खाली येतो. दोन पट्ट्यांचा घेतलात तर तो एका पट्ट्यावर राउटरशी आणि दुसऱ्यावर फोनशी बोलू शकतो, तेवढं नुकसान टळतं. आजीच्या व्हिडिओ कॉलला, एखाद्या फोनला, एका भिंतीपलीकडे एक्स्टेंडर पुरतो. रोज आठ तास घरून काम करणाऱ्याला मी तो सुचवणार नाही. आणि एकाच्या पुढे दुसरा, अशी साखळी तर कोणीच लावू नये.

मेश म्हणजे महागडा एक्स्टेंडरच ना?

मेश म्हणजे घरभर ठेवायच्या, एकत्र काम करणाऱ्या वाय-फाय यंत्रांचा संच. बिनतारी चालवला तर बऱ्याच अंशी हो. मेशची यंत्रं एकमेकांशी जास्त हुशारीने वागतात, एकाच नावाखाली राहतात, फोनला एका यंत्राकडून दुसऱ्याकडे सोपवायला मदत करतात, आणि काहींना आपापसात बोलायला वेगळा तिसरा पट्टा असतो. पण दोन यंत्रांच्या मध्ये चिऱ्याची भिंत असेल तर ती त्यांनाही लागतेच. मेश घेणारच असाल तर मागे केबलचे पोर्ट असलेली घ्या आणि यंत्रं केबलने जोडा. तशी जोडलेली मेश ही मोठ्या घरासाठी फार चांगली व्यवस्था आहे.

राउटरच्या खोक्यावर ‘वाय-फाय ६’ लिहिलंय म्हणून भिंतीची जाडी कमी होत नाही. ते मानक एकाच वेळी पुष्कळ उपकरणं नीट सांभाळण्यासाठी आहे.

मग सगळ्यात भरवशाचा उपाय कुठला?

केबल. सिग्नल नसलेल्या खोलीपर्यंत एक लॅन केबल न्यायची आणि तिच्या टोकाला त्या खोलीसाठी वेगळा वाय-फाय सुरू करायचा. भिंत ओली असो की कोरडी, केबलला काही फरक पडत नाही. एकदा नीट टाकली की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. लोक भिंतीला भोक पाडायला कचरतात आणि त्याऐवजी एकामागून एक यंत्रं विकत घेत राहतात, याचं वाईट वाटतं. भोक बोटाएवढं लागतं.

कॅट-६ केबल घ्या. कॅट-५ई सुद्धा १००० एमबीपीएस नेते. लांबीची मर्यादा १०० मीटर, घरात ती कधी आड येत नाही. दुकानात एकच गोष्ट आग्रहाने विचारा: तार शुद्ध तांब्याची आहे का? अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल सर्रास विकली जाते. ती वाकवताना तुटते आणि दमट हवेत टोकं लवकर खराब होतात. बाहेरून, वळचणीखालून न्यायची असेल तर काळ्या आवरणाची, उन्हापावसात टिकणारी मागा. पीव्हीसी पाइपमधून न्या. उंदीर केबल कुरतडतात. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवा, म्हणजे पाऊस आत येणार नाही.

फ्लॅटमध्ये फोडाफोडी बहुतेक वेळा लागतच नाही. जुन्या केबल टीव्हीसाठी किंवा टेलिफोनसाठी भिंतीत पाइप टाकलेला असतो आणि तो बिनकामाचा पडलेला असतो. त्यातली जुनी वायर एका बाजूने ओढताना तिच्याच शेपटीला नवी केबल घट्ट बांधली की ती पलीकडे निघते. अडकलीच तर इलेक्ट्रिशियनकडे त्यासाठी स्प्रिंग असते. विजेच्या वायर असलेल्या पाइपमधून मात्र लॅन केबल न्यायची नाही. आवरण कुठे सोललं तर लॅनच्या केबलमध्ये विजेचा प्रवाह उतरेल, जीवाशी खेळ होईल.

टोकं तयार करून देणारा कॉम्प्युटरवाला तालुक्याला मिळतोच. स्वतः करणार असाल तर रंगांचा क्रम दोन्ही टोकांना हाच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा लागायला हव्यात. चारच लागल्या तरी नेट चालतं, पण १०० एमबीपीएसवर अडकतं, आणि कारण पुष्कळ दिवस सापडत नाही.

घरात जुना राउटर पडून आहे. त्या टोकाला तो चालेल का?

चालेल, आणि नवं काही घेण्याआधी तोच वापरावा. आधी तो एकटाच लॅपटॉपला जोडून त्याच्या सेटिंगमध्ये जा. ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ (म्हणजे केबलने आलेलं नेट फक्त वाय-फायवर पसरवणं) असा पर्याय दिसला तर तो निवडा आणि पुस्तिकेत सांगितलेल्या पोर्टात केबल लावा, काम झालं. तो पर्याय नसेल तर तीन गोष्टी हाताने करा. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याचा १९२.१६८.१.२ करा, आणि मुख्य राउटर हा आकडा दुसऱ्या कोणाला वाटणार नाही हे त्याच्या यादीत तपासा. मग जुन्यातली डीएचसीपी ही सोय बंद करा, नाहीतर दोन्ही राउटर फोनना पत्ते वाटू लागतील आणि गोंधळ उडेल. ओटीवरून आलेली केबल जुन्याच्या लॅन पोर्टात लावा, ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेल्या पोर्टात नाही. पासवर्ड नवा, मोठा ठेवा आणि सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ किंवा त्यापुढचं निवडा. इतका जुना राउटर असेल की त्यात डब्ल्यूपीए-२ च नाही, तर तो मात्र वापरू नका.

दोन्हीकडे वाय-फायचं नाव एकच ठेवू की वेगळं?

नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवा, चॅनेल वेगवेगळे. घरात फिरताना फोन आपोआप बदलतो. कधी बदलायचं हे मात्र राउटर नाही, फोन ठरवतो, आणि काही फोन जुना सिग्नल सोडायला फार नाखूश असतात. असा फोन असेल तर दोन्ही राउटरच्या प्रसारणाची ताकद एक पायरी कमी करून बघा. एका जागी ठेवलेल्या टीव्हीसाठी किंवा लॅपटॉपसाठी वेगळं नाव जास्त सोयीचं.

विजेच्या वायरिंगमधून इंटरनेट नेणारी यंत्रं मिळतात. घेऊ का?

पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टर. जोडीने येतात, एक राउटरजवळ, दुसरं खोलीत. वायरिंग नवं असेल आणि दोन्ही प्लग एकाच मीटरवर, एकाच फेजवर असतील तर चांगली चालतात. घरात तीन फेज असून मागची खोली दुसऱ्या फेजवर असेल तर क्वचितच जमतं. इन्व्हर्टरच्या लाइनवर किंवा एक्स्टेंशन बोर्डात लावू नका, थेट भिंतीतल्या प्लगमध्येच लावा. परत घेण्याची अट असलेल्या दुकानातूनच घ्या.

गोठ्याजवळची खोली किंवा बागेतलं होमस्टे घरापासून लांब आहे. तिथे लॅन केबल टाकू का?

दोन वेगळ्या इमारतींमध्ये तांब्याची केबल उघड्यावरून टाकू नका. वळवाच्या दिवसांत आणि पाऊस परतताना ऑक्टोबरात कोकणात विजा कडाडतात. वीज थेट न पडता जवळपास पडली, तरी लांब तारेत दाब निर्माण होतो आणि दोन्हीकडची यंत्रं जळतात. माणूस हात लावून असेल तर त्यालाही धोका.

तिथे फायबरच टाका. काचेतून वीज वाहत नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर नावाची छोटी डबी लागते, आणि टोकं जोडायला गावातला केबलवाला बोलवा. त्याला एकच आठवण करा: हवेतून जाणाऱ्या फायबरला आधाराची लोखंडी तार असते, ती यंत्रांपर्यंत आत आणू नये.

मधे रस्ता किंवा दुसऱ्याची जमीन असेल तर समोरासमोर बसवायच्या बिनतारी डिश मिळतात. एकमेकींना स्पष्ट दिसल्या पाहिजेत. उन्हाळ्यात बघून बसवल्या आणि मधे आंब्याची फांदी आली, तर पावसात ओली पानं सिग्नल खातात.

लाइट गेली की मागचं वाय-फाय बंद. काय करावं?

फायबर लाइटवर अवलंबून नसतं, डबे असतात. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. अ‍ॅडॉप्टरवरचा व्होल्टचा आकडा तंतोतंत जुळवा, बहुधा १२ व्होल्ट असतो. अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो. पिनची बाजू, म्हणजे आत धन की ऋण, तेही बघा. आणि लक्षात ठेवा, ओटीवरच्या डब्याला एक लागेल आणि मागच्यालाही.

‘सिग्नल बूस्टर’ म्हणून स्टिकर आणि पेट्या विकतात, त्यांचं काय?

स्टिकरने काहीही होत नाही. मोबाइलची रेंज वाढवणाऱ्या पेट्या परवान्याशिवाय बसवणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे. त्या टॉवरच्या कामात अडथळा आणतात आणि आजूबाजूच्या सगळ्यांचे फोन बिघडवतात. घरात मोबाइलची रेंज नसणं हेच खरं दुखणं असेल, तर खोलीत वाय-फाय पोहोचवून फोनच्या सेटिंगमधलं ‘वाय-फाय कॉलिंग’ सुरू करा. जिओ आणि एअरटेलने ही सोय २०१९-२० मध्ये आणली. फोन त्याला चालणारा असला पाहिजे. साधा कॉल मग वाय-फायवरून लागतो, वेगळं अ‍ॅप लागत नाही. रात्री-अपरात्री डॉक्टरला फोन लावायला अंगणात धावावं लागू नये, एवढ्यासाठी तरी वडीलधाऱ्यांच्या फोनवर हे आजच करून द्या.

उद्या सकाळी मुलीची ऑनलाइन परीक्षा आहे. आज रात्रीत काय होईल?

तालुक्याहून तयार टोकांची वीस मीटरची केबल आणा. ओटीवरच्या डब्यापासून दारांच्या कडेने, जमिनीवरून, सरळ तिच्या लॅपटॉपपर्यंत न्या आणि उंबऱ्याजवळ टेपने चिकटवा. लॅपटॉपला लॅनचा पोर्ट नसेल तर यूएसबीतून जोडायचा लॅन अ‍ॅडॉप्टर त्याच दुकानात मागा. केबल मिळालीच नाही तर टेबल ओटीवर हलवा आणि दोन तास टीव्ही व बाकीचे फोन वाय-फायवरून काढा. मोबाइलची रेंज असेल तर हॉटस्पॉट आज रात्रीच एकदा जोडून ठेवा, म्हणजे ऐनवेळी पासवर्ड शोधावा लागणार नाही. केबल लावलीत तर लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, नाहीतर तो मधेच त्या एका दांडीकडे परत जाऊ शकतो.